डुप्लिकेट म्हटलेला चष्मा

नऊ हजारांचा चष्मा आणि तीनशेचा चष्मा यांत फरक काय, असं धरमपेठच्या सायकल मंडळीला विचारून तर बघा. एकेक जण अर्धा तास भाषण ठोकेल. काच, कोटिंग, वारा, धूळ, सगळं तोंडपाठ. पण दोन चष्मे समोर ठेवून ओळखा म्हटलं, तर एकाची छाती होणार नाही. ही मंडळी आधी माणूस बघायची आणि मग त्याच्या चष्म्याची किंमत ठरवायची.

हेमराज या मंडळीत नवाच. बाप उमरेडला मागावर लुगडी विणायचा, हा नागपुरात सरकारी कचेरीत बाबू, घर गोळीबार चौकात. रक्तात साखर निघाली, डॉक्टरने सायकल चालवा म्हटलं, आणि हा कसाबसा त्या साहेबलोकांच्या घोळक्यात शिरला. दर रविवारी उमरेड रोडने जायचं, टपरीवर तर्री-पोहे हाणायचे आणि परत यायचं. रस्ता कोळशाच्या ट्रकांचा. हेमराजच्या फुटपाथवर घेतलेल्या चष्म्यातून धूळ सरळ आत यायची, घामाने काच धुरकट व्हायची. एकदा असा कण गेला की आठवडाभर डोळा उघडेना.

त्याच्या बायकोने, अनुसयाने, तो डोळा बघितला. ती घरी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. दिवाळीत आलेलं एकही काम तिने परत पाठवलं नाही, मान मोडेस्तोवर मशीन चालवली, आणि धरमपेठच्या सायकलच्या दुकानातून एक दिवस चष्मा घेऊन आली.

"अवं, येवढा महाग काहून आणला?"

"डोळे काय दुकानात भेटतेत? घाला चुपचाप."

आणि खरं सांगायचं तर चष्मा होताच तसा. ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला तरी पापणी लवली नाही. नाकावर काही आहे हेही कळेना. त्या रविवारी स्वारी भलतीच खुशीत होती.

टपरीवर अनिशने तो चष्मा हातात घेतला. अनिश म्हणजे मंडळीचा म्होरक्या, घरात चार पिढ्यांची वकिली. त्याने चष्मा उलटसुलट करून बघितला, मग हेमराजकडे बघितलं आणि हसला.

"क्या बात है, हेमराज! जबरदस्त डुप्लिकेट आहे. बर्डीच्या फुटपाथवरून उचलला ना?"

सगळे हसले. बायकोने घेतला, ओरिजिनल आहे, एवढंच तर म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण कोणाला पटलं नाही तर? आणि पटलं तर, बाबूकडे एवढे पैसे आले कुठून, म्हणतील. हेमराजही हसला.

"हो न साहेब, बर्डीचाच. तीनशेचा."

वर भाव पाडून घेतला, असंही जोडलं लेकाने. जीभ कशी झडली नाही!

पुढच्या शनिवारी दुपारी तो बाहेरून घरी आला, तर अनुसया दारात उभी. हातात चष्म्याचा डबा, चेहरा तापलेला.

"फसवलं मले त्या दुकानदारानं. अदितीताई ब्लाउज न्याले आली होती, थे अनिश साहेबाची बायको. म्हणे, तुमच्या मिस्टरांचा गॉगल डुप्लिकेट आहे ना! साऱ्या सायकलवाल्याइले माहीत हाये, मलेच नाही. चला, आज त्याले सोडत नाही मी."

आता तरी सांगायचं ना! घर आपलं, बायको आपली. पण हा म्हणाला, "जाऊ दे न वं, कायले भांडतं." आणि ती ऐकेना तेव्हा मुकाट स्कूटीवर तिच्या मागे बसला.

दुकानात तिने आवाज चढवला. गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला, गणपतरावांना, चोर म्हणाली. म्हातारा बिचारा लालबुंद झाला. त्याने भिंग काढलं, दांडीच्या आतला नंबर वाचला, कंपनीच्या साइटवर टाकून तिलाच दाखवला.

"ओरिजिनल आहे, बाई. डुप्लिकेट कोण म्हणालं?"

"सारे सायकलवाले म्हणतेत."

"आणि त्यांना कोणी सांगितलं?"

हेमराज भिंतीवरची हेल्मेटं बघायला लागला. अनुसयाने मान वळवली.

"काहून जी? कोणं सांगितलं त्याइले?"

"मीच म्हटलं," हेमराज पुटपुटला. "गंमत चालली होती."

तिने गणपतरावांपुढे हात जोडले. चुकलं म्हणाली, दोनदा म्हणाली. मग डबा उचलून बाहेर आली.

"तुमाले आवडला नव्हता का?"

"आवडला वं. लय आवडला."

"मंग?"

तिने तोंडाला स्कार्फ गुंडाळला, चष्मा स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि स्कूटी चालू केली.

लक्ष्मीभुवन चौकात सिग्नल लागला. शेजारी एक गाडी थांबली, काच खाली आली. आत अनिश.

"अरे वहिनी! नवऱ्याचा डुप्लिकेट तुम्ही पळवला वाटतं?"

"डुप्लिकेट नाही जी," अनुसया म्हणाली. "ओरिजिनल हाये. मी घेतला, माझ्या शिलाईच्या पैशानं."

अनिशने तिच्यावरून नजर काढली आणि मागे बसलेल्या हेमराजला विचारलं, "खरं की काय रे?"

अनुसयाने मागे बघितलं नाही. ब्रेक आवळून ती नुसती वाट बघत होती.

हेमराज हसला. "तिले त्यातलं काय समजते, साहेब!"

अनिशही हसला. सिग्नल सुटला, गाडी निघून गेली. मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी स्कूटी जागची हलली नाही.

"उतरा," अनुसया म्हणाली.