राखलेले टाके

मधुमेहाने आईची पावले बधिर झाली होती. बाजारच्या मोज्याची शिवण टाचेला काचे, आणि ते तिला फोड आल्यावरच कळे. म्हणून नयना सुती दोऱ्याचे बिनशिवणीचे मोजे विणत होती. उद्या कीर्तीवहिनी आईला वापीला, दादाकडे नेणार होती. दुसऱ्या मोज्याची टाच अजून अर्धीच झाली होती.

गंजाडच्या शाळेत शिकवून नयना डहाणूला घरी परतली, तेव्हा सुयांवर टाचेऐवजी सपाट पट्टी लोंबत होती.

"मीच ओळी पुऱ्या केल्या," वहिनी हसली. "दर ओळीत एक टाका सोडून मागे फिरला होतात. तुमचं सगळंच अर्ध्यातून माघारी, नयनाताई. सासरहूनसुद्धा!"

संताप आधी बोटांत उतरला. नयनाने सुई उपसली आणि दोरा ओढला. वहिनीच्या ओळी भराभर उसवत गेल्या.

"ते टाके सोडले नव्हते, राखले होते. ओळ अर्ध्यातून वळवली की विणीला खोली येते. मग राखलेला एकेक टाका परत उचलायचा. त्या खोलीत टाच बसते. तुम्ही सरळ जात राहिलात. आईने टाच कुठे ठेवायची?"

"एवढ्याशा मोज्यासाठी केवढा हा तोरा!"

"मी माघारी फिरले म्हणून तिच्या फोडांना रोज कुणीतरी मलम लावतं, वहिनी."

आईने आपले पाऊल नयनाच्या मांडीवर ठेवले. मग सुनेकडे पाहून म्हणाली, "टाच होऊ दे. त्याआधी मी गाडीत बसायची नाही."

नयनाने कडेचा एक टाका राखला आणि ओळ वळवली.