थोरल्याची जागा

फोटोग्राफर मित्र त्याला ‘टेकू’ म्हणायचा आणि टेकूला त्याचं वाईटही वाटत नसे. दिव्याचा स्टँड डुगडुगला की धरायला टेकू, सोफा सरकवायला टेकू, रडव्या पोरासमोर तोंड वेडंवाकडं करायलाही टेकूच. फुकटचा राबतो म्हणून शेजारी हसत. हसोत बापडे. सुट्टीचा अख्खा दिवस चार भिंतींकडे बघत काढून दाखवा म्हणावं, मग हसा. आई गेल्यापासून तो एकटा होता, कामही घरून. त्याच्या अंगाला कुणाचा हात लागलाच, तर तो न्हाव्याचा.

त्या रविवारी एका कुटुंबाचा फोटो होता. आईवडील, मुलगी, जावई आणि नात. थोरला मुलगा परदेशात, त्याला रजा मिळाली नव्हती. त्याने आपला फोटो पाठवून दिला होता आणि मित्र तो नंतर कॉम्प्युटरवर आईशेजारी बसवणार होता. सगळं ठरलं, पण घोडं अडलं ते काकूंच्या हातापाशी. मुलाच्या खांद्यावर ठेवायचा हात त्यांनी हवेत धरला, की त्या बस थांबवताहेत असंच वाटे.

“टेकू, तो दिवा सोड आणि इथे येऊन उभा राहा,” मित्र वैतागून म्हणाला.

टेकू अंग चोरून उभा राहिला. काकूंनी खांद्यावर हात ठेवला. मग त्याची कॉलर सारखी केली आणि पाठीत हलकेच एक चापट दिली. “ताठ उभा राहा रे. नेहमीचाच तुझा हा पोक.”

काकूंच्या चेहऱ्यावरून त्यांना आपली चूक कळल्याचं दिसत होतं.

“हा बरा आहे,” काका म्हणाले. “सांगितलं की ऐकतो तरी.”

यावर हशा पिकला. काकूही हसल्या, पण हात त्यांनी काढला नाही. मित्र भराभर फोटो काढत सुटला. टेकूला हलायची मनाई होती, आणि हलायचं होतं कुणाला? आणखी चार फोटो बिघडावेत, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

परतताना गाडीत त्याने धीर केला. “त्यातला एक मला पाठवशील?”

“कुठला?”

“मी आहे तो.”

“तो कशाला? तू नुसता जागा धरायला होतास.”

“असू दे की. माणसांत उभा असलेला माझा एकही फोटो नाही.”

“बरं, पाठवतो,” मित्र म्हणाला आणि पुढच्या रिक्षावाल्यावर खेकसला. मनाचा वाईट नव्हता तो, पण त्याचं अर्धं लक्ष कायम दुसरीकडे.

टेकूने मात्र फोटोसाठी भिंतीवरची जागासुद्धा ठरवून टाकली. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायचा.

आठवडा संपता संपता फोटो आला. शर्ट टेकूचा, खांदा टेकूचा, खांद्यावर काकूंचा हात. वर चेहरा थोरल्याचा.

“धड तुझंच ठेवलंय,” मित्राने खाली लिहिलं होतं. “जोड कुठे दिसतोय का सांग.”

टेकूने फोटो मोठा करून गळ्यापाशी नीट पाहिलं. जोड खरंच दिसत नव्हता. तसं त्याने कळवलं आणि विचारलं, “मी मागितलेला?”

“अरेच्चा, विसरलो रे. कॅमेऱ्याचं कार्ड साफ करून टाकलं, मूळ फोटो गेले. पण काकू जाम खूश आहेत. म्हणाल्या, पोरगा खरंच घरी आल्यासारखा वाटतोय.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” टेकूने लिहिलं.

“तुला कसं?”

टेकूने फोटो पुन्हा मोठा करून खांद्यावरचा हात पाहिला.

“काही नाही,” शेवटी त्याने लिहिलं. “रविवारी किती वाजता येऊ?”