काळं न निघालेलं तेल

"पप्पा, जीपचं ऑईल मी एकटीनं बदलू का? तुम्ही हात लावायचा न्हाय, जवळ पण यायचं न्हाय."

हे विचारायची पैज माझ्या वर्गातल्या करिष्मानं लावली होती. वर्गात मी जीपच्या एवढ्या गप्पा मारते, पण घरी पान्हा पप्पाच धरत असणार, असं तिचं म्हणणं. मी विचारलं आणि पप्पा चक्क "व्हय, बदल की" म्हणाले! करिष्माचं तोंड बघण्यासारखं झालं.

तेलसुद्धा मीच निवडलं. दुकानदार नव्या गाड्यांचं पातळ तेल पुढं करत होता. मी म्हटलं, "अण्णा, आमचं डिझेल इंजिन माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे. जाड तेल, पंधरा-डब्ल्यू-चाळीस द्या." पप्पा मागं उभे राहून हसले. त्या हसण्यानं मी हवेत गेले ती खाली आलेच नाही.

रविवारी सकाळी टिळकवाडीतल्या आमच्या गेटात मी जीपखाली सरपटले. पप्पा लांब पायरीवर कॉलेजचे पेपर तपासत होते. करिष्मा मोबाईल धरून व्हिडिओ काढत होती. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या पोटाला नट बरेच असतात. इंजिनचा एक, गिअरबॉक्सचा एक, आक्सलचे वेगळे, आणि दिसायला सगळे भाऊ-भाऊ. मी हाताला लागला तो सोडला. तेल भळाभळा ट्रेमध्ये पडलं. काय आनंद झाला!

आमच्या गल्लीत कुणी ऑईल बदललं की माणसं डबे घेऊन येतात. जळकं तेल दाराच्या चौकटीला फासलं की वाळवी लागत नाही. शेजारच्या नागुबाई आज्जी आल्या आणि ट्रेमध्ये वाकून बघत राहिल्या.

"आगं, हे तर मधावाणी हाय. मला काळं पायजे."

"आज्जी, गाडी नीट ठेवली की तेल काळं पडत न्हाय!" हे मी मोबाईलकडं बघून म्हणाले.

पप्पांनी मान वर केली. "सुनी, बघू का जरा?"

"पप्पा, पैज!"

ते परत पेपरात गेले. फिल्टर काढताना काळं तेल माझ्या कोपरापर्यंत ओघळलं, तेव्हा तरी कळायला हवं होतं. मला फोटो तेवढा सुचला. नवं तेल ओतल्यावर तेल मोजायच्या काडीवर ते खुणेच्या कितीतरी वर दिसलं. कमी तर नाही ना, असं म्हणून मी झाकण लावलं.

दुपारी पप्पा, मम्मी आणि मी निपाणीला आत्याकडं निघालो. हत्तरगी मागं पडलं आणि जीप निळा धूर सोडायला लागली. मग खालून घुरघुर, मग किंचाळल्यासारखा आवाज. संकेश्वरच्या अलीकडं गिअर अडकला तो अडकलाच. एका ट्रॅक्टरनं ओढत आम्हाला गॅरेजला नेलं. पप्पांनी फोन केला म्हणून आत्याचे यजमान, विक्रम मामा, निपाणीहून आले.

देवाप्पा मिस्त्री जीपखालून बाहेर आला तोच हसत. "अय्यो! गिअरबॉक्स ठणठणीत कोरडा! आन् इंजिनात दुप्पट त्याल. जुनं तसंच ठिवून वर नवं वतलंय. कुणी केलं हो ह्ये?"

मी तोंड उघडायच्या आत पप्पा म्हणाले, "मी."

"काय करता, सर?"

"कॉलेजात असतो. फिजिक्स शिकवतो."

चहा पीत बसलेली माणसं हसली. विक्रम मामांनी मांडीवर थाप मारली. "आमच्या सायबांना लई हौस! म्हणं आपलं काम आपल्या हातानं! ह्यांचा दाजी म्हणून किती वेळा सांगितलं, की गाडी शिकलेल्या माणसाचं काम न्हवं. ऐकतोय कोण?"

पुन्हा सगळे हसले. आणि मी पण हसले. खोटं कशाला लिहू? सगळ्यांच्या बरोबर, दात दाखवून हसले, म्हणजे कुणाला माझ्यावर संशय यायला नको. पप्पा पण थोडं हसले, आणि रुमालानं स्वच्छच असलेले हात पुसत राहिले.

जीप तिथंच ठेवून आम्ही बसनं घरी आलो. पप्पा सगळ्या वाटेनं हवापाण्याच्या गोष्टी करत होते, जणू काही झालंच नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. घरी आल्यावर मम्मीनं चपला काढता काढता एवढंच विचारलं, "तू का हसलीस गं?"

मी तशीच आतल्या खोलीत गेले. फोनमध्ये करिष्मानं माझा व्हिडिओ स्टेटसला ठेवलेला, खाली पोरींचे टाळ्यांचे ढीग. माझा आवाज मलाच ऐकवेना. सकाळी जी पोरगी एवढी बोलत होती, तिला संकेश्वरला एक शब्द बोलता आला नव्हता.

मी बाहेरच्या खोलीत गेले. दोघं जेवायला बसत होते.

"जाऊ दे गं, नट सगळे सारखेच दिसतात," पप्पा म्हणाले. "मलाच बघायला पाहिजे होतं."

"न्हाय, पप्पा. नटाचं नव्हे." माझा आवाज चिरकला, तरी मी थांबले नाही. "जीप आणायला जाल तेव्हा मी येणार. विक्रम मामांना पण तिथंच बोलवा. नट मी सोडला, पप्पांना मीच जवळ येऊ दिलं न्हाय, आणि सगळे हसत होते तेव्हा मी पण पप्पांनाच हसले, हे मी त्या सगळ्यांच्या समोर सांगणार. मम्मी, तू अडवू नकोस. माझं ठरलंय."