संशयी सूक्ष्मदर्शक आणि सुताचं टोक

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि स्वभावाने पक्का संशयी आहे. मित्रांनो, ज्याचा जन्म लोकांच्या जखमा निरखण्यात गेला, तो दुसरं काय होणार? तरुणपणी एका कॉलेजात मुलांनी मला कांद्याच्या साली दाखवल्या. मग भिवंडीत, धामणकर नाक्यावरच्या डॉक्टर सुमतींच्या तपासणी केंद्रात मी आलो आणि साली संपल्या.

माझा संशय उगाच नाही. निरोगी पेशीला चहूबाजूंनी शेजारी पेशी लागल्या की ती वाढायची थांबते. जखम झाली, शेजारी हरवला, की ती आपला डीएनए दुप्पट करते आणि एकीच्या दोन होतात. डीएनए वाढला की तिचं केंद्रक रंग जास्त पितं आणि मला गडद दिसतं. कर्करोगाची पेशी मात्र शेजाऱ्याला जुमानत नाही. ती गर्दीतही वाढतच राहते, आणि तिच्यातला डीएनए अव्वाच्या सव्वा होतो. म्हणून गडद केंद्रक दिसलं की माझा संशय जागा होतो.

मागच्या वर्षी लूमवर काम करणारे फखरुद्दीन जिभेच्या कडेची न भरणारी जखम घेऊन आले. बरोबर त्यांची बायको सालेहा होती. नवरा चोरून गुटखा खातो, असं तिने मनाशी धरलं होतं आणि घरात अबोला होता. दोघांच्या मधली खुर्ची रिकामी होती.

जखमेच्या कडेवरून खरवडलेल्या पेशी माझ्याखाली आल्या. केंद्रकं मोठी आणि गडद. मीही सालेहाच्या बाजूचा झालो.

सुमतींनी माझी काच पुसली, पुन्हा पाहिलं. मग फखरुद्दीनना तोंड उघडायला लावलं आणि दाताला ही खाच कसली, म्हणून विचारलं.

"मागाच्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धाग्याचं टोक दातानंच तोडतो," ते म्हणाले. "गुटखा न्हाय खात मी, मॅडम. पन घरात कोन ऐकतंय?"

सालेहा वाकून त्यांच्या दाताकडे बघू लागली.

खाच पडलेल्या त्या दाताचं धारदार टोक जिभेला रोज एकाच जागी घासत होतं. कडेच्या पेशींना शेजारी लागूच देत नव्हतं, म्हणून त्या वाढत असाव्यात, असं सुमती म्हणाल्या. खात्री मात्र त्यांनी दिली नाही. दाताचं टोक गुळगुळीत करून घ्या, धागा कात्रीने तोडा आणि दोन आठवड्यांनी या, असं त्यांनी बजावलं. जखम तशीच राहिली तर तुकडा काढून तपासायचा, त्यात चालढकल नको.

"आणि तसं निघालं तर?" सालेहाने विचारलं. "जीभ जाईल यांची?"

सुमतींनी दोन आठवड्यांनंतरची तारीख लिहून तिच्या हातात दिली. ते दोन आठवडे मला फार जड गेले.

दोघं परत आले तेव्हा जखम भरली होती. नव्या पेशींची केंद्रकं लहान आणि फिकी होती. शेजारी लागले होते, पेशी थांबल्या होत्या. गडद केंद्रकं पाहून मी थेट कर्करोगच धरून चाललो होतो; सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच, आणि इथे तर सूतही खरोखरीचं होतं.

सालेहाने पर्समधून दोरी बांधलेली छोटी कात्री काढली.

"ही गळ्यात घाला," ती नवऱ्याला म्हणाली. "आता दातानं तोडलंत तर बघा."

मित्रांनो, आता माझ्या भिंगावर बुरशी धरते आणि इथे नव्या यंत्राची बोलणी चालली आहेत. मला खुशाल कपाटात ठेवा. पण तोंडातली जखम भरत नसेल तर लपवू नका, लगेच दाखवा. आणि घरातल्या माणसाचा संशय आला, तर मधली खुर्ची रिकामी ठेवू नका. शेजारी बसा आणि विचारा.