बोळ गिळलेली खोली

थोरल्यानं नव्या घराचा पहिला नकाशा काढला तो कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला, मुलीची पट्टी घेऊन. पुढं बैठक, बाजूला स्वयंपाकघर, एका अंगाला त्याची आणि थोरलीची खोली, दुसऱ्या अंगाला आईची, आणि मागं धाकट्याची. धाकट्याच्या खोलीच्या पोटातून एक वाट काढलेली होती. वाटेच्या टोकाला अख्ख्या घराचं एकच संडास-बाथरूम. धाकट्याची बायको चहाचे कप उचलायला वाकली तेव्हा तिला ते दिसलं. शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्यालाही दिसलं होतं. तो म्हणाला, "दादा, हे आत्ताच्यासारखंच झालं की."

"मग? तिला सवय आहे," थोरला म्हणाला आणि पुढची रेघ मारायला लागला.

धाकट्यानं पट्टीचं दुसरं टोक धरलं. दादानं सांगितलं तर भर दुपारी दिवा लावणारा तो माणूस. धाकटी कप घेऊन आत गेली. कप विसळता विसळता तिनं ठरवलं, यांच्या अंगावरून माणसं चालवीन तर नावाची.

ही सवय काय होती ते सांगितलंच पाहिजे, कारण असल्या घरांतून ते कुणी सांगत नाही. घर भाड्याचं. मागची खोली लग्न होऊन आल्यापासून धाकटीची, आणि संडास-बाथरूमचं दार त्याच खोलीत. सकाळी सासूबाई, मग थोरला, मग थोरली, मग त्यांची पोरं, पाहुणे आले की पाहुणे. खोलीला कडी होती, पण लावली की बाहेरून आरडाओरडा, माणसाचं पोट दुखतंय आणि ही आत दारं लावून बसलीय. म्हणून कडी लावायची नाही असा कायदाच झाला. आत येण्याआधी दार वाजवावं, हे मात्र कुणाच्या टाळक्यात आलं नाही. थोरला खांद्यावर टॉवेल टाकून यायचा आणि पलंगावरच्या दोघांना म्हणायचा, झोपा झोपा, चालू द्या तुमचं. एकदा ती साडी बदलत असताना तो आत आला. त्यावरून जेवताना सगळ्यांदेखत समज मिळाली ती तिलाच, की बाईमाणसानं जरा भान ठेवावं. थोरली म्हणाली होती, आपलंच माणूस आहे, एवढं काय लाजायचं. तेव्हापासून धाकटी कपाटाचं दार उघडून त्याच्या आड साडी बदलायची.

तिचं मूल पोटातच गेलं त्या आठवड्यात थोरलीच्या माहेरची माणसं मुक्कामाला आली. धाकटी भिंतीकडं तोंड करून पडलेली आणि पलंगाला लागून बायकांची रांग. त्यातल्या एकीनं आपली पर्स तिच्या पायांवर ठेवली, जरा लक्ष ठेवाल हं, म्हणाली आणि आत गेली. पायांवर ते ओझं घेऊन धाकटी हललीसुद्धा नाही. माणूस किती सहन करतो याचं लोक कौतुक करतात. कौतुक करणाऱ्यांच्या पायांवर कुणी पर्स ठेवलेली नसते.

नवी जागा दोघा भावांच्या नावावर होती. नकाशा मंजुरीला टाकायचा म्हणून इंजिनीअर घरी आला. कॅलेंडर बघून त्याला हसू आलं, पण गिऱ्हाइकासमोर त्यानं ते खोकल्यात घातलं. मग त्यानं स्वतःच्या कागदावर मधोमध एक बोळ काढला, दोन्ही बाजूंना खोल्या आणि बोळाच्या टोकाला बाथरूम. आता कुणाला कुणाच्या खोलीतून जावं लागणार नाही, म्हणाला.

दुसरी एखादी असती तर तिनं देव पावला म्हटलं असतं. धाकटीला मात्र नुसतं सुटायचं नव्हतं. त्या पर्सचं ओझं तिच्या पायांवरून अजून उतरलं नव्हतं आणि ते कुणाच्या तरी पायांवर उतरवल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हती.

थोरलीची एक खोड तिला पाठ होती. धाकटीनं दुकानात निळी साडी हातात घेतली की थोरलीला निळीच हवी. धाकटीनं ताटातला कडेचा तुकडा बघितला की तोच थोरलीला गोड. स्वतःला काय हवं हे त्या बाईला कधी कळलं नाही. धाकटीला काय हवं, एवढं पुरायचं.

म्हणून कधी नव्हे ते धाकटी सगळ्यांसमोर बोलली. इंजिनीअरला म्हणाली, "साहेब, बाथरूमचं दार माझ्या खोलीतून काढता येईल का? ते अटॅच का काय म्हणतात, तसं. माझी फार इच्छा आहे."

नवरा तिच्याकडं बघतच राहिला. बाईचं डोकं फिरलं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. थोरली एवढंच म्हणाली असती की घे बाई, तर खेळ खलास. जन्मभर ती पुन्हा वाटेवर पडली असती, आणि तेही स्वतःच्या तोंडानं मागून.

थोरलीनं भुवया चढवल्या. "अटॅच? तुला? आणि आम्ही काय मग बाहेर झाडाखाली जायचं? घरात थोरलं कोण आहे?"

"तसं नाही हो जाऊबाई, आपली इच्छा बोलून दाखवली."

"इच्छा ठेव डब्यात. साहेब, अटॅच आमच्या खोलीला."

इंजिनीअर शहाणा होता. त्यानं विचारलं, मग बाकीचे कुठून जाणार? बोळातून एक आणि खोलीतून एक, अशी दोन दारं ठेवू का? यावर थोरल्यानं जे उत्तर दिलं ते त्या घरातच जन्माला येऊ शकतं. तो म्हणाला, "आमच्याच खोलीतून जातील. घरच्या घरात कसले आडपडदे? आमच्यात परकं कोण आहे?" आणि एकदा दार खोलीत आलं म्हटल्यावर त्याला बोळ डोळ्यांत सलायला लागला. बोळ म्हणजे फुकट गेलेली जागा, तो आमच्या खोलीत घ्या, म्हणजे मोठा पलंग बसेल. इंजिनीअरनं दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा खोडरबर घेतलं. धाकटीची खोली सगळ्यात लहान राहिली. एक खिडकी, एक दार. थोरली म्हणाली, "कोंडवाडा आहे गं तुझा." धाकटीनं मान खाली घातली, कारण चेहरा दाखवण्यासारखा नव्हता.

मग जागेवर फक्कीनं आखणी झाली. सगळं घर चुन्याच्या पांढऱ्या रेघांत जमिनीवर उमटलं. इंजिनीअर म्हणाला, खोल्यांतून फिरून बघा, काही बदलायचं तर आत्ताच. घरची मंडळी फिरली. सासूबाई बैठकीतून निघाल्या त्या भिंतीवर पाय देत थेट बाथरूममध्ये. त्यांच्या मागं पोरं. थोरली स्वयंपाकघरातून रेघ ओलांडून आपल्या खोलीत आली, तिथून आणखी एक रेघ ओलांडून धाकटीच्या खोलीत डोकावली. फक्की सगळ्यांच्या चपलांना लागली. "ताई, तिथं भिंत आहे," इंजिनीअर दर वेळी सांगत होता आणि मंडळी हसत होती. दार कुठं आहे हे त्यातल्या एकानंही बघितलं नाही. ज्यांना जन्मात कधी दाराशी थांबावं लागलं नाही, त्यांना ते दिसणार कसं? एकटी धाकटी दारादारातून फिरली. आपल्या खोलीत ती गेली, उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, सगळं बरोबर आहे. थोरल्यानं कागदावर सही ठोकली. त्याच्याखाली धाकट्यानं.

घर झालं. राहायला गेल्यावर पहिल्याच सकाळी सासूबाई थोरलीच्या खोलीतून चपला फटफटवत गेल्या आणि येताना पलंगाच्या कडेवर टेकल्या, गुडघे दुखतात म्हणून. मग पोरं गेली. मग धाकटा, मान खाली घालून, चोरासारखा. सगळ्यांत शेवटी धाकटी. ती घाईत नव्हती. जाताना थोरलीच्या पायाशी चुरगळलेली चादर तिनं सारखी केली, येताना थोरल्याकडं बघून म्हणाली, "भावजी, बनियन काखेत फाटलंय. शिवायला टाका."

थोरल्यानं हात अंगाशी आवळले.

दिवसातून ती किती वेळा गेली याचा हिशेब तिनं ठेवला नाही. तहान नसताना पाणी प्यायली, एवढं सांगितलं तरी पुरे. पाहुणे आले की चहा दोनदा करायची आणि आग्रह करकरून पाजायची. आठवड्याच्या आत थोरली उन्हाळ्यातसुद्धा डोक्यावरून चादर घ्यायला लागली. एका दुपारी ती ब्लाऊज बदलत असताना धाकट्याच्या ऑफिसातले दोघं आत शिरले. त्यांना धाकटीनंच सांगितलं होतं, सरळ जा, घरच्यासारखं. थोरली किंचाळली. धाकटी धावत आली आणि कळवळून म्हणाली, "कडी लावू नका हो जाऊबाई. माणसाला अडचण होते."

त्या दिवशी थोरली जेवली नाही. धाकटीला वाईट वाटलं का? नाही. ती पोटभर जेवली.

इंजिनीअरला पुन्हा बोलावणं गेलं. त्यानं दोन उपाय सांगितले. तुमच्या खोलीत भिंत घालून गेलेला बोळ परत काढा. मग हा पलंग आणि भिंतभर कपाट बसणार नाही. नाहीतर बाथरूमची ही बाजू बंद करून पलीकडं, धाकट्या वहिनींच्या भिंतीत दार फोडा. थोरली पलंगाचा खांब धरून उभी राहिली. थोरल्यानं फार विचार केला नाही. गवंड्याला म्हणाला, पलीकडून फोड.

धाकटा पायरीवर बसून बूट घालत होता. त्यानं मान वर केली नाही. एवढंच म्हणाला, "दादा, खोली तिची आहे. तिला विचार."

थोरल्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण धाकट्यानं दुसरा बूटही घातला आणि तो चालता झाला.

मग थोरला, मागं हातोडा-छिन्नी घेतलेला गवंडी आणि त्याच्या मागं थोरली, असे तिघं धाकटीच्या दाराशी आले. थोरल्यानं नेहमीसारखं दार ढकललं. ते ढकललं गेलं नाही. त्यानं पुन्हा ढकललं. गवंड्यासमोर त्याचे कान लाल झाले. मग त्यानं बोट वाकवलं आणि दार वाजवलं.

आत धाकटी पलंगावर आडवी पडली होती. अंगावर पांघरूण नव्हतं, पदर बाजूला होता, आणि दिवसाढवळ्या ती अशी पडली होती.

"कोण आहे?" तिनं विचारलं.

"मी आहे. जरा काम होतं."

"काय काम?"

थोरल्यानं घसा साफ केला. दाराआडून बोलायला जमेल अशी ती गोष्ट नव्हती. "भिंतीचं जरा... आत येऊन सांगतो."

"तिथूनच सांगा. ऐकू येतंय."

त्यानं सांगितलं. मधे मधे अडखळत, गवंडी ऐकतोय याची लाज वाटत, शेवटी अजीजीनंच सांगितलं. तुझ्या जाऊबाईंची फार अडचण होते, म्हणाला. बाईमाणूस आहे, म्हणाला. धाकटीनं सगळं ऐकून घेतलं.

"नाही," ती म्हणाली.

थोरलीनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं असावं, कारण दार पुन्हा वाजलं, या वेळी हळू. धाकटीनं कूस बदलली, उशी मानेखाली नीट घेतली आणि वाजणारं दार ऐकत पडून राहिली.