खालच्या रांगेतलं पिंप

ग्लिसरीनचा थेंब काचेच्या कांडीच्या टोकाशी आधी फुगतो, मग लांबतो, आणि तुटताना मागे बारीक तार सोडतो. भेसळीचा थेंबही तसाच दिसतो. चवीलाही गोडच.

सातपूरच्या या छोट्या कारखान्यात कुसुमताई एकोणीस वर्षं केमिस्ट होत्या. पिंपांतून आलेलं साधं ग्लिसरीन रंगाच्या कारखान्यांना जायचं, चोख असेल ते क्रीमवाल्यांना. नियम प्रत्येक पिंपातून नमुना घेण्याचा. पण खालची पिंपं काढण्यात अर्धा दिवस जायचा, म्हणून वरचं एक तपासून सगळ्या ढिगाचा दाखला निघायचा. चार वर्षांपूर्वी चोख माल कमी पडला, तेव्हा मालक यशोधन यांनी रंगवाल्यांच्या साध्या ग्लिसरीनची पिंपं क्रीमवाल्यांच्या ढिगात खालच्या रांगेत सारली. कुसुमताईंनी ते पाहिलं आणि सही केली. पुढच्या महिन्यात बोलू, असं त्या तेव्हापासून ठरवत होत्या.

थंडीत उरलेले नमुने गुलाबपाणी घालून त्या कामगारांना वाटायच्या, भेगाळलेल्या टाचांसाठी. आज सकाळी पिंपं चढवणारे खंडेराव नुसतंच ग्लिसरीन मागायला आले.

“नातीचं तोंड आलंय, मॅडम. घास गिळंना.”

कपाटात नमुना उरला नव्हता.

“मंग पिंपातलंच घेतो की. कालच तर पास केलं तुम्ही.”

वरची रांग गाडीत चढली होती. खंडेरावांनी खालच्या पिंपाचं झाकण फिरवलं, बाटली भरली. कुसुमताईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि मेडिकलमधून बंद बाटली आणायला सांगितलं. एवढीशी बाटलीसुद्धा जड झाली का, असं पुटपुटत ते गेले.

दुपारी त्यांनी त्या बाटलीतला थेंब तपासला, तेव्हा काचपट्टीवर एकाऐवजी दोन ठिपके उमटले. दुसरा डायइथिलीन ग्लायकॉलचा, ग्लिसरीनसारख्याच दिसणाऱ्या विषाचा. लहान मुलाची मूत्रपिंडं निकामी व्हायला ते थोडंसंही पुरतं.

काचपट्टी पाहून यशोधन शांतपणे म्हणाले, क्रीम कुणी पीत नाही. हे पिंप रंगाकडे वळवा, बाकीची जाऊ द्या. चार वर्षांत एक तरी तक्रार आली का? कुसुमताईंना वाटलं, येणार कशी? ओठांना लावलेलं पोटात जातं. कुठल्या गावात, कुणाचं मूल, कुठल्या डबीतून, हे कोण शोधणार होतं?

“आणि सही सगळीकडे तुमचीच आहे, मॅडम.”

“हो. माझीच,” त्या म्हणाल्या. “ते सगळे दाखले खोटे आहेत. आज प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तसं लिहून कळवणार आहे.”