पाइपातला बोळा

मी ड्रायर बोलतोय. कपडे धुणारा नव्हे, वाळवणारा. धुण्याचं यंत्र समजून माझ्यात बादलीभर पाणी ओतायला निघालेली दोन माणसं मी या घरात पाहिलीत, म्हणून आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म परदेशातला, जिथं वर्षातले सहा महिने ऊन म्हणून दिसत नाही. एका लष्करी साहेबाच्या सामानातून मी देवळालीला आलो. १९९१ साली साहेबांची बदली झाली आणि मी विक्रीला निघालो. मखमलाबादचे गोटीराम बंगल्यावर शेवंतीची फुलं पोचवायचे, त्यांनी मला उचललं. त्यांच्या सुनेला, प्रतिभाला, नुकतीच मुलगी झाली होती. आषाढाची झड लागलेली, आणि छोट्या वेदिकाची दुपटी तीन-तीन दिवस वाळत नव्हती. मला टेम्पोतून उतरवताना गल्ली हसली. नाशिकसारख्या ठिकाणी कपडे वाळवायला मिशन, असं म्हणत लोक बघायला आले. गोटीराम एवढंच म्हणाले, "पोरीला ओलं दुपटं नको."

मागच्या खोलीत माझी स्थापना झाली. भिंतीला भोक पाडून माझा पाइप बाहेर काढला, कारण कपड्यांतली गरम, दमट हवा मला बाहेर टाकावीच लागते. माझं सगळं सुख त्या पाइपात आहे. चार-पाच पावसाळे माझा थाट होता. ऊबदार दुपटं प्रतिभा आधी स्वतःच्या गालाला लावायची. पाऊस सरला की माझ्यावर गोधड्यांची चळत चढे, पण त्याची मला सवय झाली होती.

मग गोटीरामांच्या मुलाला, जीवनला, पुण्यात नोकरी लागली आणि तिघं निघून गेली. दोन हजार साली गोटीरामही देवाघरी गेले. घरात उरलो त्यांची बायको रंगूबाई आणि मी.

एकटं पडलेलं माणूस काय करतं, ते मी तेव्हा पाहिलं. चैत्रात, अंगणातल्या दोरीवर अर्ध्या तासात वाळलं असतं असं एकच लुगडं रंगूबाई माझ्यात टाकायची, बटण दाबायची आणि समोर पाट घेऊन बसायची. घरात काहीतरी फिरतंय एवढंच बरं वाटतं, असं ती एकदा जीवनला फोनवर म्हणाली. माझा पट्टा करकरायचा, सांधे खिळखिळे झाले होते, पण तिच्यासाठी मी मनापासून फिरलो.

दोन वर्षांनी शेजारच्या खोलीत भागीबाई राहायला आली. तीही एकटीच. मागच्या भिंतीच्या सावलीत ती हार ओवायला बसे आणि रंगूबाई खिडकीतून तिच्याशी बोले. किती वर्षांनी या बाईचं हसणं मी ऐकलं! पण माझा गरम वारा नेमका टोपलीवर जायचा. गुलाबाच्या पाकळ्या काळवंडू लागल्या, झेंडू माना टाकू लागला. भागीबाई भांडली नाही. उद्यापासून मी मारुतीच्या पारावर बसेन, एवढंच तिनं सांगितलं.

रंगूबाईचा चेहरा उतरला. त्याच दुपारी तिनं फाटक्या गोधडीचा तुकडा गुंडाळला, बाहेर जाऊन माझ्या पाइपात कोंबला आणि काठीनं आत सारला. वारा थांबला, भागीबाई राहिली. माझा मात्र श्वास कोंडला.

कपडे ओलेच राहू लागले आणि ते फिरवणारा माझा ढोल तव्यासारखा तापू लागला. माझ्यात एक छोटी चकती आहे, फार तापलं की ती वीज तोडते. दहा मिनिटांत मी बंद पडू लागलो. लहानू मेकॅनिक आला. त्यानं कपड्यांचे तंतू अडवणाऱ्या जाळीतला मूठभर कापूस काढला, पट्टा बदलला, चकती बदलली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! बाहेर पाइप तुंबला नाही ना, असं त्यानं विचारलंही होतं. तिकडं बायामाणसं बसल्यात, तुम्ही नका जाऊ, असं रंगूबाईनं त्याला सांगितलं. तिकडं एकटी भागीबाई होती.

दुसऱ्या खेपेला लहानू वैतागला. त्यानं चकतीला बगल देऊन तार जोडली. "मावशी, डायरेक्ट केलंय," तो म्हणाला. "आता बंद पडायची नाय."

मी हादरलो. आता कितीही तापलो तरी मला थांबता येणार नव्हतं. या घरात मला बटण दाबणारं एकच माणूस उरलं होतं आणि मी त्यालाच जाळणार की काय, ही भीती मला रोज वाटायची. सांगणार कसं? मला बोलता येत नाही, नुसतं तापता येतं.

भाद्रपदातल्या एका दुपारी तेच झालं. लुगडं माझ्यात टाकून रंगूबाई खिडकीशी बोलत बसली होती. आधी करपल्याचा वास आला, मग धूर. तो भागीबाईला दिसला. ती मागून धावत आत आली आणि तिनं प्लग उपटला. लुगड्याचा पदर जळाला होता. एवढी मिशन तापते तर हिचा वारा हल्ली बाहेर का येत नाही, असं तिनं विचारलं.

रंगूबाई खाली बसली. "मीच बोळा कोंबला," ती म्हणाली. "तुमी उठून गेल्या असत्या."

भागीबाईनं जळकं लुगडं बाहेर ओढलं. मग म्हणाली, "येडी हायेस. मला घरात बस म्हणायचं व्हतं."

दुसऱ्या दिवसापासून ती टोपली घेऊन पुढच्या पडवीत बसू लागली. आता सुई-दोरा रंगूबाईच्याही हातात असतो.

याला पाच वर्षं झाली. मागच्या भिंतीशी आता फुलं नाहीत. तो बोळा काढला आणि लहानूची तार सोडवली, तर मी आजही फिरेन. पण माझ्या आवाजाची गरज कोणालाच राहिली नाही. वाचकहो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याचा पाइप मोकळा ठेवा, जाळी झाडत जा. आणि कधी मखमलाबादला आलात तर माझा बोळा तेवढा काढा.

खरं सांगू? एखाद्या दुपारी भागीबाई यायची राहावी, असं माझ्या मनात येतं. तेवढ्यात पडवीतून रंगूबाईचं हसणं ऐकू येतं आणि मला माझीच लाज वाटते.